चालणारी फियाट की जाम झालेली अॅम्बॅसडर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीच्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकांना जुनी गाडी विकत घेऊन, दोन-तीन वर्षांच्या सवडीने ती पुन्हा उभी करायची आहे. त्यांच्यापुढे दोन गाड्या आहेत. पहिली १९७१ ची फियाट ११०० डिलाइट. ती खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षे उभी आहे. बॅटरी जोडली की तिचे इंजिन सुरू होते आणि गेल्या दिवाळीत तिला नवा रंग दिला आहे. मात्र नोंदणी कोल्हापूरची आहे आणि आर.सी. बुकावरचे मालक हयात नाहीत. दुसरी १९७७ ची अॅम्बॅसडर मार्क ३. ती अथणी तालुक्यातील एका मळ्यात, गोठ्याला लागून उभी आहे. तिचे इंजिन जाम आहे, टायर फुटले आहेत, रंग उडाला आहे, परंतु मालक हयात आहेत, नोंदणी कर्नाटकातील आहे आणि गाडीचा एकही भाग काढून नेलेला दिसत नाही. फियाटची किंमत अॅम्बॅसडरच्या जवळजवळ दुप्पट सांगितली आहे. मित्रमंडळी ‘चालती गाडी घ्या’ असे म्हणत आहेत, आणि अशा गाडीचे मूल्यमापन नेमके कसे करावे, असे प्राध्यापकांनी विचारले आहे.

बेळगावच्या उद्यमबागेजवळ गेली तीस वर्षे मी जुन्या गाड्यांची कामे करतो आहे, आणि या अनुभवावरून, प्राध्यापक महोदय, आपल्या मित्रांचा सल्ला मला पटत नाही. जुन्या गाडीत इंजिन सुरू होणे ही सर्वांत स्वस्त गोष्ट असते. पत्रा, कागदपत्रे आणि गाडीचा पुरेपणा (म्हणजे सगळे मूळ भाग जागेवर असणे) या तीन गोष्टी महाग असतात, आणि विकणारा मनुष्य नेमक्या याच तीन गोष्टींवरून आपले लक्ष काढून घेण्यासाठी आधी किल्ली फिरवून दाखवतो. इंजिन धडधडू लागले की पाहणाऱ्याचा चेहरा उजळतो आणि पुढची तपासणी औपचारिक होऊन जाते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, फियाट पाहायला जाल तेव्हा ‘इंजिन शेवटी पाहू’ असे मालकांना सुरुवातीलाच सांगावे.

इंजिनाला मी इतके कमी महत्त्व का देतो, हे आधी स्पष्ट करतो. बेळगाव आणि कोल्हापूर ही दोन्ही गावे ओतकामाची आणि यंत्रकामाची आहेत. उद्यमबागेत किंवा शिरोलीत सिलिंडर बोअर करून (आतून कोरून मोठा करून) देणारा, क्रँकशाफ्ट घासून देणारा, फुटलेल्या कानाचे ओतीव भाग जोडून देणारा कारागीर आजही सापडतो. अॅम्बॅसडरचे १४८९ सी.सी.चे इंजिन काय किंवा फियाटचे १०८९ सी.सी.चे इंजिन काय, दोन्ही साधी, चार सिलिंडरची, कार्ब्युरेटरवर चालणारी यंत्रे आहेत. ही इंजिने लाखो गाड्यांत बसलेली असल्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट हे सामान अजून मिळवता येते. इंजिनाच्या कामाचा अंदाज आधी देता येतो आणि तो फारसा चुकत नाही. सडलेल्या पत्र्याचा अंदाज मात्र, एवढी वर्षे काम करूनही, मला गाडी उघडल्याशिवाय देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आता पत्र्याकडे वळू, कारण खरा निर्णय तिथेच होतो. फियाट आणि अॅम्बॅसडर या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नसते. फरशी, दारांच्या उंबऱ्याखालच्या पोकळ पेट्या, चाकांवरच्या आतील कमानी आणि इंजिनामागची भिंत हे सगळे एकमेकांना वेल्डिंगने जोडून जी पेटी होते, तीच गाडीचा सांगाडा असते. त्यामुळे मडगार्डाला भोक पडले तर ते केवळ दिसायला वाईट असते, पण उंबऱ्याखालची पेटी सडली तर गाडीचा कणाच गेलेला असतो. हा फरक ओळखता आला की निम्मी तपासणी झाली असे समजावे. बाहेरून दिसणारा गंज बहुतेक वेळा किरकोळ असतो. घात करणारा गंज आतून बाहेर येतो, आणि तो रंगाखाली फुगवटा होऊन दिसू लागतो तेव्हा आतला पत्रा आधीच कागद झालेला असतो.

आपल्या भागात गाडी कुठे उभी होती, याला फार महत्त्व आहे. बेळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग आणि पूर्व भाग म्हणजे जणू दोन वेगळे प्रदेश आहेत. कणकुंबी, जांबोटी, चोर्ला घाट या पट्ट्यात पाऊस इतका पडतो की पावसाळ्याचे चार महिने शेडच्या आतसुद्धा भिंती ओल्या राहतात. शिवाय तिथली तांबडी माती चाकांनी उडून पोकळ पेट्यांत जाऊन बसते आणि स्पंजासारखी ओल धरून ठेवते. पाणी बाहेर जाण्यासाठी दारांच्या आणि पेट्यांच्या तळाशी ठेवलेली छिद्रे या मातीने बुजली की पत्रा आतून सडायला लागतो. अथणी आणि रायबागकडे हवा कोरडी असते आणि गाडीचा पत्रा तिथे बराच टिकतो. गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेल्या गाडीबाबत तर मी दुप्पट सावध राहतो, आणि त्याला कारण आहे.

माझी स्वतःची पहिली जुनी गाडी होती स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासमध्ये तयार झालेल्या या छोट्या गाडीचे अख्खे बॉनेट मडगार्डांसह पुढच्या बाजूला उघडते, आणि त्या एका गोष्टीवर मी भाळलो. गोव्यातून आणलेली ती गाडी लाल रंगात चकाकत होती आणि पहिल्याच किल्लीला सुरू झाली. हेरल्डला वेगळी चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते, म्हणून ‘चासी आहे, काळजी नको’ असा हिशेब मी केला. घरी आणून बॉडी उचलली तेव्हा चासीपासून बाजूला निघणारे, बॉडीला आधार देणारे हात नुसत्या डांबरी लेपाने शाबूत दिसत होते. लेप खरवडला तसा आतून गंजाचा भुगा ओंजळीने निघाला. विकणाऱ्याने फसवले हे खरे, पण गाडीखाली न वाकता पैसे मोजणारा मीच होतो.

तेव्हापासून मी पाहणीला जाताना एक पिशवी बरोबर नेतो. तिच्यात टॉर्च, दाढीचा लहान आरसा, फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक, बोथट पेचकस, प्लग काढण्याचा पाना, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजण्याचे साधन), अंथरायला जुने पोते आणि एक वही असते. जॅक आणि गाडी ज्यांच्यावर ठेवायची त्या दोन घोड्या गाडीतच असतात. चुंबक दारांच्या खालच्या पट्टीवर, मागच्या चाकाच्या कमानीवर, पुढच्या काचेच्या कोपऱ्यांत आणि हेडलाइटच्या भोवती फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याचा लगदा, भरलेली आहे असे समजावे. थोडी लांबी असणे हा गुन्हा नव्हे, पन्नास वर्षांच्या गाडीला कुठेतरी ठोकर लागलेलीच असते. परंतु उंबऱ्यावर आणि कमानीवर सलग लांबी आढळली तर कोणीतरी छिद्रे बुजवून वर रंग मारला आहे. नऊ वर्षे उभी असलेल्या गाडीला विकण्याच्या आधीच्या दिवाळीत नवा रंग का दिला गेला, हा प्रश्न आपल्या फियाटबाबत मला सर्वांत जास्त खटकतो. उडालेल्या रंगाची अॅम्बॅसडर निदान खोटे बोलत नाही.

पेचकस वापरण्यापूर्वी मालकांची परवानगी घ्यावी. त्याच्या मुठीने फरशीवर आणि पेट्यांवर हलके ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला पत्रा मडक्याला तडा गेल्यासारखा बद्द आवाज देतो. फियाटमध्ये मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला अडकवलेले असतात त्या जागा, जॅक लावायच्या जागा, पायाखालची फरशी, डिकीची तळाशी असलेली जमीन आणि बॅटरीच्या ट्रेखालचा भाग विशेष पाहावा. अॅम्बॅसडरमध्ये पुढचे सस्पेन्शन टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळयांवर, असते. हे बार मागे पुढच्या सीटांखालच्या आडव्या तुळईत घट्ट बसवलेले असतात आणि गाडीच्या पुढच्या भागाचा भार तिथे पेलला जातो. ती तुळई आणि तिच्या भोवतालची फरशी सडली असेल तर माझ्या दृष्टीने तो प्रकल्प तिथेच संपला, मग किंमत कितीही कमी असो.

यानंतर मी एक परीक्षा घेतो, जी कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक सांगते. गाडीची चारही दारे बंद असताना दार आणि खांब यांच्यामधल्या फटी नीट पाहून वहीत लिहाव्यात. मग एका बाजूला, जॅकच्या जागी, चाक जमिनीपासून सुटेपर्यंत गाडी उचलावी आणि त्या बाजूची दारे उघडून पुन्हा लावून पाहावीत. सांगाडा मजबूत असेल तर फटी होत्या तशाच राहतात. दार अडकू लागले, वरची फट उघडून खालची मिटली किंवा जॅकच पत्र्यात रुतू लागला, तर गाडी कमरेत वाकते आहे. दार उघडून खालून वर उचलून पाहावे, कारण बिजागरीची पिन झिजली असल्यास दार लोंबते आणि त्याचा दोष सांगाड्यावर येऊ शकतो. पिन झिजली असणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, सांगाडा वाकणे हे वर्षाचे. गाडीखाली मान घालण्यापूर्वी घोड्या लावाव्यात. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरलेल्या माणसांची उदाहरणे मला सांगायची नाहीत.

अथणीच्या अॅम्बॅसडरला कोरड्या हवेचा फायदा आहे, हे खरे असले तरी दोन शंका फेडून घ्याव्यात. पहिली शंका महापुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने अथणी आणि चिक्कोडी तालुक्यांतील नदीकाठची गावे बुडाली होती. मळा नदीच्या जवळ असेल तर गाडी त्या वेळी कुठे होती, हे मालकांनाच नव्हे तर शेजाऱ्यांनाही विचारावे. पुराचे पाणी उतरले तरी गाळ राहतो. हेडलाइटच्या वाटीत, डॅशबोर्डच्या मागे, सीटच्या स्प्रिंगांत आणि दारांच्या आतील पुठ्ठ्यांमागे वाळलेल्या गाळाची बारीक रेघ आढळली तर पाणी तिथवर चढले होते. दुसरी शंका गोठ्याची. जनावरांच्या मुताची वाफ पत्र्याला तर खातेच, पण तिच्यातील अमोनिया पितळ आणि तांबे यांनाही सोडत नाही. म्हणून रेडिएटर, वायरिंगची पितळी टोके आणि कार्ब्युरेटरचे पितळी भाग हिरवे-निळे पडले आहेत का, ते पाहावे. गोठ्याकडची बाजू आणि मोकळी बाजू यांत फरक दिसला तर अशी वाफ किती लागली, याचा अंदाज येतो.

गाडीचा पुरेपणा हा तिसरा आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारा मुद्दा. नवा मनुष्य इंजिनाचे भाग मोजतो, अनुभवी मनुष्य पट्ट्या मोजतो. बाजूने जाणाऱ्या चकाकत्या पट्ट्या, जाळी, दिव्यांच्या कड्या, काचा खालीवर करण्याच्या मुठी, त्या मॉडेलचा स्पीडोमीटर, मूळ स्टीअरिंग, बॉनेटवरचे चिन्ह, मागच्या दिव्यांच्या काचा या वस्तू एकदा गेल्या की पुन्हा मिळवण्यात महिने जातात. मुंबईचे कुर्ला, बेंगळूरुचे शिवाजीनगर, चेन्नईचे पुदुपेट आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार येथे यांत्रिक भाग अजून निघतात, परंतु १९७१ च्या डिलाइटची पट्टी मागितली तर दुकानदार नंतरच्या पद्मिनीची पुढे करतो आणि दोन्ही एकच असल्याचे शपथेवर सांगतो. कोल्हापूरकरांना गुजरी म्हटले की सोन्याची पेठ आठवते, आणि बेळगावच्या पुढे कन्नड मुलखात गुजरी म्हणजे भंगाराचे दुकान. जुन्या गाडीच्या बाबतीत या दोन्ही गुजऱ्यांचे भाव कधीकधी सारखे होतात, एवढेच सांगतो. आपल्या अॅम्बॅसडरचा एकही भाग निघालेला नाही, ही गोष्ट तिच्या जाम इंजिनाची भरपाई करून वर काही शिल्लक ठेवते.

येथे एक लहानसे विषयांतर करतो. आपल्याकडे प्रत्येक जुन्या फियाटला ‘डुक्कर फियाट’ म्हणण्याची सवय आहे आणि विकणारे त्या नावाखाली भाव वाढवतात. ते नाव डिलाइटच्या आधीच्या, गुबगुबीत नाकाच्या ११०० ला पडलेले होते. डिलाइटचा आकार १९६४ नंतरचा आणि कोनदार आहे. तीच गाडी पुढे आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. आर.सी. बुकावरचे वर्ष, बॉडीचा आकार आणि डॅशबोर्डची घडण यांचा मेळ बसत नसेल तर दोन गाड्यांची एक गाडी झालेली असण्याची शक्यता असते.

यावरून कागदपत्रांकडे येतो. सीमाभागात हा विषय इतर ठिकाणांपेक्षा गुंतागुंतीचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते, त्यानंतर म्हैसूर राज्यात आले आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यामुळे एकाच गावातल्या गाड्यांच्या पुस्तकांवर निरनिराळ्या राज्यांचे शिक्के सापडतात, आणि सोयरीक-व्यापारामुळे कोल्हापूरच्या गाड्या निपाणीत व बेळगावच्या गाड्या चंदगडात वर्षानुवर्षे फिरत असतात. हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकातील नोंद संगणकावर चढलेली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. चढलेली नसेल तर मूळ परिवहन कार्यालयात जुन्या रजिस्टरवरून ती बॅकलॉग म्हणून चढवून घ्यावी लागते, आणि रजिस्टरच सापडत नाही असे उत्तर मिळाले तर पुढचा मार्ग फार लांबचा होतो.

आपल्या फियाटपुढे चार अडथळे एकामागून एक उभे आहेत. मालक वारले असल्यामुळे आधी वारसांच्या नावे हस्तांतरण व्हायला हवे. त्यासाठी नमुना ३१ चा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि इतर वारसांची लेखी संमती लागते. चार भावांपैकी एक भाऊ पुण्यात असतो आणि दुसरा बोलत नसतो, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. दुसरे म्हणजे खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. नऊ वर्षे उभ्या गाडीचे ते राहिलेले असणारच, आणि त्याबरोबर दंड व थकलेला कर आलाच. तिसरे, महाराष्ट्रातून कर्नाटकात आणण्यासाठी कोल्हापूरच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. चौथे, दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला त्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि कर्नाटकाचा आजीव कर तेव्हा भरावा लागतो. यांपैकी काहीही अशक्य नाही, परंतु ही सारी कामे विक्रेत्याच्या बाजूची आहेत. ‘पैसे द्या, कागद मागाहून करू’ असे म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत यावे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज नोंदणीची वेगळी तरतूद केली आहे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अनेक विक्रेते ‘कागद नसले तरी विंटेजमध्ये करून घेता येईल’ असे सांगतात. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गाडी मूळ स्वरूपात असावी ही तिथली अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीसारख्या निमित्तानेच आणता येते. आपल्याला ती घेऊन महाविद्यालयात जायचे असेल तर साधी नोंदणीच हवी. उलट बाजूने, १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्या आता मोडीतच जाणार, ही भीतीही आपल्याकडे विनाकारण पसरलेली आहे. तो निर्बंध दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी प्रदेशापुरता आहे.

कागदावरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर स्वतः वाचावेत. बॉडीवर ठोकलेल्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली की छाप उमटतो, परिवहन कार्यालयातही तीच पद्धत आहे. त्या जागेचा पत्रा कापून जोडल्याची वेल्डिंगची रेघ दिसली किंवा अंक एका ओळीत नसले, तर पुढे जाऊ नये. इंजिन क्रमांक जुळत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण कारण मात्र शोधावे. या भागात कित्येक अॅम्बॅसडर आणि काही फियाट गाड्यांना स्वस्त इंधनासाठी दुसरी डिझेल इंजिने बसवली गेली, आणि त्यांतल्या अनेकांची नोंद पुस्तकावर झालीच नाही. अशा गाडीला पुन्हा पेट्रोल इंजिन बसवायचे म्हटले तर माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर असे सगळेच बदललेले आढळते.

आता इंजिन. अॅम्बॅसडरच्या मालकांना मी एकच प्रश्न विचारीन: इंजिन चालता चालता बंद पडले, की गाडी उभी केल्यावर काही वर्षांनी जाम झालेले आढळले? चालताना जाम झालेल्या इंजिनात पाणी किंवा ऑइल संपून पिस्टन चिकटलेला असतो, बेअरिंग फिरलेले असते, कधी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलेले असते. उभ्या उभ्या जाम झालेल्या इंजिनात बहुधा रिंगांना गंज धरलेला असतो, आणि असे इंजिन पुष्कळदा सुटते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण ओतावे, आठवडाभर मुरू द्यावे, मग क्रँकच्या बोल्टाला पाना लावून हळूहळू पुढे-मागे हलवावे. गाडी ओढून, गिअरमध्ये टाकून इंजिन सोडवण्याचा गावठी उपाय करू नये, त्याने वाचणारी रिंगही तुटते. इंजिन सुटले नाही तरी बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात, आणि ते माप संपले असेल तर लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) ठोकता येतो. इंजिन उघडेलच तेव्हा एक काम करून घ्यावे. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहेत आणि ते पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्व्हच्या बैठका शिशाविना झिजतात, म्हणून तिथे कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात.

फियाटचे इंजिन सुरू होते, तर ते थंड असतानाच पाहावे. आपण पोहोचण्यापूर्वी ते गरम केलेले असेल तर बॉनेटवर हात ठेवताच कळते, आणि मग थांबून चहा घ्यावा. सुरू होताना निळा धूर येऊन थांबला तर वॉल्व्ह गाइड झिजले आहेत, निळा धूर सतत राहिला तर रिंगा गेल्या आहेत. रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे किंवा ऑइलच्या झाकणाखाली साय जमलेली दिसणे ही हेड गॅस्केटची लक्षणे आहेत. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडा किती आला यापेक्षा चारही एकमेकांच्या जवळ आहेत की नाहीत हे महत्त्वाचे. एक सिलिंडर कमी पडला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे: आकडा चढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर वॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. ऑइलचा दाब इंजिन पूर्ण तापल्यावर, संथ चालीवर पाहावा. थंड इंजिनात दाब सगळ्यांचाच चांगला असतो.

ब्रेक, वायरिंग आणि रबर या तिन्ही गोष्टी दोन्ही गाड्यांत नव्याच कराव्या लागतील असे धरून चालावे, त्यांच्या तपासणीत वेळ घालवू नये. नऊ वर्षांत ब्रेक ऑइलने ओल शोषलेली असते आणि चाकांतील सिलिंडर आतून गंजलेले असतात, मग पेडल कितीही कडक लागो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळे जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा फार दिवस टिकत नाही, हेही खर्चात धरावे.

खर्च मांडताना वहीच्या एका पानावर पत्रा आणि रंग, दुसऱ्यावर यंत्र, तिसऱ्यावर वायरिंग, गादीकाम व चकाकी, चौथ्यावर कागदपत्रे आणि वाहतूक असे लिहावे. माझ्याकडे झालेल्या कामांत पहिल्या पानाची बेरीज बहुतेक वेळा उरलेल्या तिन्ही पानांहून मोठी झाली आहे. चौथ्या पानावर गाडी घरी आणण्याचे भाडे विसरू नये. कोणतीही गाडी चालवत आणू नये, ‘सुरू होते’ ही फियाटसुद्धा नाही, कारण तिचे ब्रेक वर सांगितल्याप्रमाणे अविश्वसनीय आहेत आणि नूतनीकरण नसताना ती रस्त्यावर आणणे बेकायदा आहे.

दोन्ही गाड्या मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे मत अटींवर देतो. आपण आधी अथणीला जावे. पुराचे पाणी गाडीला लागलेले नसेल, सीटांखालची तुळई शाबूत असेल, जॅकच्या परीक्षेत दारे अडत नसतील आणि क्रमांक पुस्तकाशी जुळत असतील, तर इंजिन जाम असूनही ती घ्यावी, आणि किंमत ठरवताना इंजिन पूर्ण गेले आहे असेच समजून बोलावे. नंतर ते सुटले तर तो आपला लाभ. त्यानंतर उत्सुकता उरलीच तर जांबोटीला जावे, शक्यतो पावसाळा सुरू असताना, म्हणजे पायाखालचे गालिचे ओले होतात का तेही दिसेल. तिथे पोहोचल्यावर मालकांकडे दोनच गोष्टी मागाव्यात: वारसांच्या सह्यांचा कागद, आणि गाडी जॅकवर उचलण्याची परवानगी. यांपैकी एकीलाही ते टाळाटाळ करू लागले, तर इंजिन सुरू करून दाखवा असे म्हणण्याची गरज उरत नाही.